काखेत गारवा, गावाला वळसा

मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांना टेकतो. त्याच नागपुरात रस्त्याखाली दहा-पंधरा मीटर गेलं, तर जमीन बारा महिने तिशीच्या आत असते. वर भट्टी, खाली गारवा. आणि आपण खोलीतली उष्णता काढून फेकतो कुठे? भट्टीत.

हे कुठलं गूढ शास्त्र नाही. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट का लागतं, हे खेड्यातल्या कुठल्याही आजीला विचारा. सूर्याचे ऋतू काही मीटरच्या खाली पोहोचतच नाहीत. ही गोष्ट सरकारी धोरणात उतरायला मात्र २०२५ उजाडलं.

१५ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण काढलं. वीजनिर्मिती आहेच, पण इमारती तापवणं आणि गार करणं, हरितगृहं, जमिनीच्या जिवावर उष्णता आत-बाहेर ढकलणारे हीट पंप, हे सगळं त्यात आहे. चांगलं धोरण आहे, त्याचं मनापासून स्वागत. पण धोरणाने दार उघडतं. आत जायला पैसा आणि परवाना लागतो.

ते दोन्ही कुठे आहेत?

पुढच्याच आठवड्यात, २२ सप्टेंबरला, एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ग्राहकाला दिलासा मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण एकाच महिन्यात बाजाराच्या कानावर दोन निरोप पडले. जमिनीतल्या गारव्याला पाठिंबा, आणि भिंतीवरच्या एसीला करात दहा टक्क्यांची सूट. दुकानदार कुठला निरोप ऐकणार?

काही जण म्हणतील, तंत्रज्ञान नवं आहे, वेळ लागेल. नवं?

दिल्लीत इंदिरा पर्यावरण भवन आहे, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं मुख्यालय. त्याचं उद्घाटन फेब्रुवारी २०१४ मध्ये झालं. त्याच्या आवारात १८० बोअर आहेत. प्रत्येक ८० मीटर खोल, दोन बोअरमध्ये किमान तीन मीटर अंतर. प्रत्येकात ३२ मिलिमीटरचा एचडीपीई पाइप खाली उतरतो, तळाशी यू आकारात वळतो आणि वर येतो. भोवतीची पोकळी बेंटोनाइटच्या गाऱ्याने बुजवलेली. पाइपातलं पाणी इमारतीची उष्णता घेऊन खाली जातं, जमिनीला देऊन परत येतं. तेच पाणी, तेच पाइप, पुन्हा पुन्हा. भूजलाचा थेंबही उपसला जात नाही.

एका बोअरमधून ०.९ टन उष्णता मुरते. टन म्हणजे एसीवाल्यांचा टन. सगळे बोअर मिळून १६० टन, कूलिंग टॉवरविना.

कूलिंग टॉवर वाचला म्हणजे नेमकं काय वाचलं? हिशेब करू. १६० टन उष्णता पाणी उडवून घालवायची, तर तासाला साधारण आठशे लिटर पाण्याची वाफ होते. यंत्रणा दहा तास पूर्ण ताकदीने चालली, तर आठ हजार लिटर. म्हणजे रोज जवळजवळ एक टँकर, निव्वळ हवेत.

जालन्याला, लातूरला टँकर म्हणजे काय, हे सांगावं लागत नाही.

म्हणजे पर्यावरण मंत्रालयाच्या पायाखालीच हे तंत्र २०१४ पासून आहे. दिल्लीजवळ ग्वाल पहाडीतल्या टेरी या ऊर्जासंशोधन संस्थेच्या संकुलात तर त्याच्याही आधीपासून जमिनीखालच्या बोगद्यांतून हवा फिरवून खोल्या गार केल्या जातात. मग तुमच्या जिल्ह्याच्या नव्या कलेक्टर कचेरीत काय लागलं? भिंतीबाहेर ओळीने टांगलेले एसीचे डबे. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

घोडं पेंड खातं ते मेगावॉटपाशी.

भूऔष्णिक हा शब्द आला की बातमीत दोन आकडे हटकून येतात. देशात ३८१ गरम पाण्याचे झरे आणि १०,६०० मेगावॉट विजेची क्षमता. आकडे मोठे, फोटोही छान. मग वाचणाऱ्याची समजूत होते की हा विषय लडाखचा किंवा फार तर वज्रेश्वरीचा. आपल्या गल्लीचा नाहीच.

आहे. गल्लीचाच आहे. उथळ बोअरला गरम झरा लागत नाही, ज्वालामुखी लागत नाही. जमीन लागते, आणि ती सगळीकडे असते.

पण कुठल्याही योजनेचं यश मोजायचं तर किती मेगावॉट उभे राहिले, हेच आपण विचारतो. न लागलेली वीज कुठल्या तक्त्यात लिहायची? तिचं उद्घाटन होत नाही, तिची कोनशिला बसत नाही. म्हणून ती कुणाच्याच खात्यात जमा होत नाही.

आणि गरज तर बघा. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची कमाल मागणी २५० गिगावॉटपर्यंत चढली. मे महिन्यातली तारीख आहे, ती मागणी कशाने चढली हे ओळखायला तज्ज्ञ नको. केंद्राच्याच २०१९ च्या गारवा कृती आराखड्याचा अंदाज आहे की २०३७-३८ पर्यंत देशाची गारव्याची मागणी वीस वर्षांत आठपट होईल. एवढ्या एसींची गरम हवा सोसायची कुणी? ज्याच्याकडे एसी नाही, त्याने.

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी सांगितलं की एसी २० अंशांच्या खाली जाऊ नये असा नियम येतोय. ठीक, तेही करा. पण खोली किती गार करायची याचा विचार सुरू झालाच आहे, तर उष्णता कुठे टाकायची याचाही करा. ४५ अंशांच्या हवेत उष्णता ढकलताना यंत्र धापा टाकतं. तिशीच्या आतल्या जमिनीत ढकलताना कमी वीज खातं. निम्मा प्रश्न रिमोटवर सुटेल. उरलेला निम्मा जमिनीखाली आहे.

मग लोक बोअर का मारत नाहीत? कारण खर्च सगळा पहिल्या दिवशी आहे आणि बचत पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत. एसी हप्त्यावर मिळतो, बोअर मिळत नाही.

त्यात शहरात इमारत बांधणारा एक आणि राहणारा दुसरा. बिल्डर एसीचा पॉइंट काढून देतो, बिल रहिवासी भरतो. ज्याने बोअर मारायचा त्याला बचत नाही, ज्याला बचत त्याला बोअर मारायला जागा नाही. बाजार ही गाठ आपणहून सोडवणार नाही. सरकार नावाची गोष्ट याचसाठी असते.

सौरऊर्जेसाठी सरकारने ती सोडवलीच की. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटच्या पॅनेलला ७८,००० रुपयांचं अनुदान. आकडा ठरलेला, अर्ज ऑनलाइन, पैसे खात्यात. भूऔष्णिक धोरणात अशी घरमालकाच्या हाती पडणारी ठरलेली रक्कम कुठे आहे? छतावर पैसे मिळतात. अंगणात फक्त पाठिंबा.

बाहेर काय चुका झाल्या, त्या तरी फुकट शिकून घेऊ.

अमेरिका. २००८ मध्ये घरगुती भूऔष्णिक हीट पंपाला आयकरात सवलत मिळाली. २०१६ च्या अखेरीस ती संपली. सौर पॅनेलची मुदत काँग्रेसने वाढवली होती, हीट पंप मागेच राहिला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सवलत पूर्वलक्षी प्रभावाने परत आली. २०२२ च्या कायद्याने ती ३० टक्के केली, २०३२ पर्यंतचं वचन देऊन. जुलै २०२५ च्या कायद्याने तीच सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला बंद केली. दुकानं आणि कचेऱ्यांची सवलत चालू राहिली, घराची गेली.

न्यू जर्सीतल्या मराठी घरमालकाने यावर भरवसा ठेवून अंगण खणायचं? जमिनीतला पाइप पन्नास वर्षं टिकतो. त्याच्यावरचं वचन तीन वर्षं टिकलं.

इंग्लंड आणि वेल्स. तिथे ऑक्टोबर २०२३ पासून हवेवर चालणाऱ्या हीट पंपाला ७,५०० पौंड अनुदान, जमिनीवर चालणाऱ्यालाही ७,५०० पौंड. कागदावर समान न्याय. पण जमिनीच्या पंपाला खोदकाम आलं, खर्च कितीतरी वाढला. अनुदान सारखं, खर्च वेगळा, मग माणूस काय निवडणार? समान रकमेनेच एका पारड्यात वजन टाकलं.

आता एक बरोबर केलेलं काम. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम शहरात एव्हरसोर्स या गॅस कंपनीने जून २०२४ मध्ये रस्त्याखालून सामायिक भूऔष्णिक पाइपलाइन सुरू केली. त्यावर ३६ इमारती. घरोघरी बोअर नाही, बोअर कंपनीचे. पाइप दारापर्यंत, पुढे जोडणी.

आपल्याला हे परकं आहे का? मुंबईत पाइपगॅस असाच घरात आला. गिरणगावातल्या रहिवाशाने काही रस्ता खोदला नव्हता. गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत गार पाण्याची सामायिक पाइपयोजना आहे, ती भूऔष्णिक नाही, पण गारवा नळाने पुरवता येतो हे तिने भारतातच दाखवलं. नव्या टाउनशिपच्या नकाशात पाणी, गॅस, वीज, सांडपाणी सगळ्याला जागा असते. पाचव्या पाइपला का नाही?

आता परवान्याकडे. खरी गंमत नाही, खरी अडचण इथे आहे.

महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा खोल विहिरींना लगाम घालतो. ६० मीटरच्या पुढची ती खोल विहीर. हा लगाम हवाच. मराठवाड्यात पाणी पाताळात गेलंय ते अशाच बोअरच्या शर्यतीने. पण दिल्लीतले उष्णतेचे बोअर ८० मीटरचे आहेत आणि ते पाणी उपसतच नाहीत. उद्या औरंगपुऱ्यातल्या एखाद्या हॉस्पिटलने असा बोअर मारायचा म्हटलं, तर अर्ज कुठल्या टेबलावर करायचा? भूजल यंत्रणेच्या, की महापालिकेच्या?

टेबल ठरेपर्यंत एसी बसलेला असेल.

नियम नकोत असं म्हणणं नाही. उलट हवेत, आणि कडक हवेत. बोअरभोवतीचा गारा नीट भरला नाही, तर वरचं घाण पाणी खालच्या स्वच्छ पाण्यात उतरतं. म्हणून उष्णतेच्या बोअरचा वेगळा वर्ग करा, त्याचे निकष लिहा, तपासणी करा आणि ठरलेल्या दिवसांत हो किंवा नाही सांगा. माणसाला नकार पचतो. टोलवाटोलवी पचत नाही.

बरं, खणणारे हात आहेत का? भरपूर. उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर तमिळनाडू पासिंगच्या बोअरच्या गाड्या उभ्या दिसतात. काळ्या कातळात शेकडो फूट जायचं कसब त्यांच्याकडे आहे. पाइप सोडणं, गारा भरणं, दाब तपासणं एवढं शिकवलं की झालं. आज ही गाडी पाणी शोधत आणखी खोल जाते आणि बोअर कोरडा निघाला की शेतकरी बुडतो. उष्णतेच्या बोअरला पाणी लागलं नाही म्हणून कुणी बुडत नाही.

एक गोष्ट सरळ सांगायला हवी. आपल्याकडे हिवाळा नावापुरता. थंड देशात जमीन उन्हाळ्यात उष्णता घेते आणि हिवाळ्यात परत देते, जमाखर्च जुळतो. आपण वर्षभर नुसती उष्णता ओतत राहिलो, तर बोअरभोवतीची जमीनही हळूहळू तापते. अंतर कमी ठेवलं, बोअर मोजके मारले, तर काही वर्षांत यंत्रणा थकते. हे लपवून जो विकेल, तो या तंत्राचा शत्रू.

यावर उपाय आहेत. काही भार जमिनीवर, काही साध्या यंत्रणेवर. बोअरमध्ये अंतर मोठं. दिवसा चालणाऱ्या कचेऱ्यांना प्राधान्य, म्हणजे रात्री जमिनीला उसंत. आणि सगळ्यात उत्तम म्हणजे ज्यांना गारवाही लागतो आणि गरम पाणीही, अशा इमारती निवडा. हॉस्पिटल, वसतिगृह, हॉटेल. वॉर्डातून काढलेली उष्णता आंघोळीच्या पाण्यात घाला. आज आपण तिसऱ्या मजल्यावरून उष्णता बाहेर फेकतो आणि तळमजल्यावर गीझर लावून ती पुन्हा विकत घेतो. बिल दोन्हीचं भरतो.

खोल, गरम पाण्याची गोष्ट वेगळी. कोकणात पालघरपासून राजापूरपर्यंत झरे आहेत. उन्हवऱ्याचं पाणी सुमारे ७० अंशांचं. त्यावर विजेचा मोठा प्रकल्प उभा राहील अशी आशा लावणं बरोबर नाही. पण ७० अंशांत मासळी वाळते, कोकम वाळतं, आंबापोळी होते. पावसाळ्यात ऊन नसताना हीच उष्णता सोन्याची आहे. मेगावॉटच्या मागे लागून आपण किलोभर कोकमाकडे पाहायचं विसरलो.

त्यातही अट एक. कुंडं लोकांची आहेत, तिथे देव आहेत, आंघोळी आहेत, पोटापाण्याचे धंदे आहेत. झऱ्याला धक्का लागणार असेल, तर गावाला विचारल्याशिवाय एक फूटही खणायचं नाही. ग्रामसभा ही शेवटची सही नाही, पहिली.

लडाखचं बघा. पुगा खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १९७० च्या दशकातच बोअर मारले. त्या उष्णतेवर खोली तापवण्याचे प्रयोगही झाले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ओएनजीसीने तिथे एक मेगावॉटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार केला. विजेचा. दरम्यान उणे तापमानातल्या घरांत लाकूड, शेण आणि रॉकेल जळतंच आहे. पन्नास वर्षं गरम पाणी दारात आहे आणि घर अजून धुरात.

खोल खोदकामात धोका असतो, खासगी माणूस घाबरतो, हे खरं. आइसलँडने यावर १९६० च्या दशकात उत्तर काढलं. सरकारी ऊर्जा निधीतून खोदकामाला कर्ज, आणि बोअर फसला तर कर्जाचंच अनुदान. तेलाच्या संकटानंतर देश झपाट्याने वळला. आज तिथली दहापैकी नऊ घरं जमिनीच्या उष्णतेवर ऊब घेतात. निसर्ग त्यांच्याकडे होता, मान्य. पण निसर्ग पुग्यातही आहे. निधी नाही.

मग हे काम कुणाचं? गारव्याचा आराखडा पर्यावरण मंत्रालयाचा. भूऔष्णिक धोरण नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं. इमारतींचे ऊर्जानियम ऊर्जा मंत्रालयाच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे. बोअर राज्याचा. बांधकाम परवाना महापालिकेचा. पाच दारं आणि एकही उंबरठा ओलांडता येत नाही.

म्हणून मागण्या थोडक्यात आणि मोजक्या.

एक, उष्णतेच्या बोअरला भूजल कायद्यात वेगळी ओळख द्या आणि परवान्याला मुदत घाला.

दोन, पैसे यंत्रावर नको, बोअरवर द्या. यंत्र पंधरा-वीस वर्षांत बदलेल, बोअर दोन पिढ्या पुरेल. आणि एकदा दिलेली सवलत दहा वर्षं हलवू नका.

तीन, बक्षीस बचतीला द्या. पिंपरी-चिंचवड महापालिका हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना सवलत देतेच. मग जी इमारत मे महिन्याच्या दुपारी विजेचा आणि पाण्याचा भार कमी करून दाखवेल, तिच्या मालमत्ता करात त्याची नोंद का नको?

चार, सुरुवात सरकारने स्वतःच्या इमारतींपासून करावी. ज्याला दुसऱ्याने बोअर मारावा असं वाटतं, त्याने आधी आपला मारावा.

जागाही सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा शुभारंभ झाला. त्यांत जालना आहे, बुलढाणा आहे, वाशिम आहे, हिंगोली आहे. कडक उन्हाळा, पाण्याची ओढ, चोवीस तास चालणारे वॉर्ड, वसतिगृहांना लागणारं गरम पाणी. या तंत्राला हवं ते सगळं एकाच आवारात. जिथे पाया अजून खणायचा आहे, तिथे बोअर आत्ताच मारता येतात. इमारत उभी राहिल्यावर अंगण फोडावं लागतं, आणि मग कुणी फोडत नाही.

त्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी समिती लागत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेत एक कलम लागतं: गारव्याच्या यंत्रणेचा खर्च पंचवीस वर्षांच्या वीज आणि पाण्याच्या बिलासकट मोजावा, आणि जमिनीच्या पर्यायाचा भाव प्रत्येकाने द्यावा.

नुसता भाव मागितला, तरी पंचवीस वर्षांचा हिशेब टेबलावर येईल. मग भिंतीवरचा डबा स्वस्त आहे, असं म्हणणाऱ्याला तो आकडा लिहून द्यावा लागेल.

धोरण झालं. आता निविदा काढा.